निसटलेली इंडिका

संभाजीनगरहून दौलताबाद आणि खुलताबाद मागे टाकून घाट उतरलं की वेरूळ येतं. इथून एक रस्ता कन्नडमार्गे चाळीसगाव-धुळ्याकडे जातो, दुसरा कसाबखेडा, शिऊर बंगला, नांदगाव करत मनमाड आणि मालेगावच्या बाजूला निघतो. कांद्याचे ट्रक, लग्नाच्या जीपगाड्या, लेण्यांना आलेल्या सहलीच्या बस, घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं अशी सगळी वाहतूक या रस्त्यांवर असते. मे २००६ च्या दुसऱ्या आठवड्यात याच टापूत महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, दोन गाड्यांचा पाठलाग केला. एक टाटा सुमो आणि एक इंडिका.

सुमो सापडली. तिच्यात ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसं होती. तिघांना जागेवर अटक झाली. पुढच्या काही दिवसांत मालेगाव-मनमाड परिसरातून आणखी माल निघाला आणि एकूण आकडा ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ आणि ५० हातबाँब इथवर गेला. मराठी वर्तमानपत्रांनी या घटनेला ‘वेरूळ शस्त्रसाठा प्रकरण’ असं नाव दिलं.

इंडिका मात्र निसटली. ती चालवणारा तरुण बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा होता, नाव झबीउद्दीन अन्सारी. तो आधी बांगलादेशात आणि तिथून पाकिस्तानात पोचला. अडीच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहा हल्लेखोरांना कराचीतून फोनवर सूचना देणाऱ्या आवाजांमध्ये एक आवाज त्याचा होता, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. तेव्हा तो अबू जुंदाल या नावाने ओळखला जात होता. त्या तीन दिवसांत मुंबईत १६६ माणसं मारली गेली. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केलं.

दहशतवादाविरुद्धचं राष्ट्रीय धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीतल्या बैठका, संसदेतली भाषणं आणि सीमेवरचे जवान येतात. इथे आपण ते धोरण वेरूळच्या रस्त्यावरून पाहणार आहोत. कारण असल्या धोरणाला ज्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, ते सगळे या दोन गाड्यांत बसलेले होते. सुमो वेळेत कशी अडवली? तिच्यातला माल न्यायालयात कसा टिकला? इंडिका का सुटली? आणि गेवराईचा एक मुलगा त्या इंडिकेच्या स्टिअरिंगपर्यंत पोचलाच कसा?

एका वर्षाचा हिशेब

२००६ हे साल महाराष्ट्राला फार जड गेलं. एप्रिलमध्ये नांदेडच्या पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट होऊन दोन तरुण ठार झाले. ते बाँब तयार करत होते आणि हिंदुत्ववादी संघटनेशी संबंधित होते, असा तपास यंत्रणांचा आरोप होता. मे महिन्यात वेरूळचा साठा सापडला. ११ जुलैला मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १९० च्या आसपास प्रवासी गेले. ८ सप्टेंबरला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. त्यात तीसहून अधिक माणसं मेली, बहुतेक सगळी नमाजाला आणि कब्रस्तानात आलेली.

त्याच ८ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक दहशतवादविरोधी धोरण मंजूर केलं. त्याचे चार खांब आहेत. दहशतवादाला पोसणारी परिस्थिती दूर करणं हा पहिला. हल्ले रोखणं आणि त्यांचा मुकाबला करणं हा दुसरा. राज्ययंत्रणेची ताकद वाढवणं हा तिसरा. आणि हे सगळं करताना मानवी हक्क आणि कायद्याचं राज्य सांभाळणं हा चौथा. ब्रिटननेही त्याच वर्षी आपलं धोरण प्रसिद्ध केलं. त्याचीही चार अंगं होती: माणसं त्या वाटेला लागू नयेत म्हणून प्रतिबंध, हल्लेखोरांचा माग, ठिकाणांचं संरक्षण आणि हल्ला झालाच तर त्याला तोंड देण्याची तयारी.

जगभरची धोरणं पाहिली तर थोड्याफार फरकाने हीच चौकट दिसते. शब्द सगळीकडे चांगलेच असतात. खांब उभा आहे की नुसता रंगवलेला आहे, हे मात्र एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात आणि एखाद्या न्यायालयाच्या खोलीतच कळतं.

कायदे आणि यंत्रणा

भारताचं धोरण एका बैठकीत लिहिलं गेलं नाही. प्रत्येक मोठ्या घावानंतर त्यात एक थर चढला. १९८५ साली टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला. १९९३ च्या मुंबई स्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालला, पण गैरवापराच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. २००२ मध्ये पोटा आला आणि २००४ मध्ये रद्द झाला. त्यातल्या बऱ्याच तरतुदी मूळच्या १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, दुरुस्त्या करून आणल्या गेल्या. महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ मध्ये मोक्का केला होता. तोही दहशतवादाच्या खटल्यांत वापरला जाऊ लागला. २००४ मध्ये राज्याची एटीएस उभी राहिली.

२६/११ नंतर वेग आला. २००८ च्या डिसेंबरात राष्ट्रीय तपास संस्थेचा, एनआयएचा कायदा झाला. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो हरियाणातल्या मानेसरहून यायला लागलेला वेळ साऱ्या देशाने पाहिला होता, म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रं उघडली. महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचं पथक बांधलं. कारगिल युद्धानंतर, २००१ मध्ये सुरू झालेलं मल्टी एजन्सी सेंटर चोवीस तास चालू लागलं. वेगवेगळ्या गुप्तचर संस्थांकडची खबर एका टेबलावर यावी, हे त्याचं काम. २०१७ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयात दहशतवादविरोध आणि कट्टरताविरोध यांसाठी स्वतंत्र विभाग झाला. या साऱ्यात दुसरा आणि तिसरा खांब भक्कम होत गेला, आणि ते आवश्यकच होतं.

या बळकटीची किंमत समजून घ्यायची तर १९९३ कडे पाहावं. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. ज्यांनी ते अडवायचं, त्या पोलीस आणि कस्टम्समधल्या काही जणांनी लाच घेऊन वाट मोकळी करून दिली. टाडा न्यायालयाने पुढे त्यांना शिक्षा केल्या. तोवर १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली होती. रायगडला माल पुढे गेला आणि वेरूळला अडला. या दोन घटनांच्या मध्ये प्रामाणिक खबर आणि वेळेवर हललेलं पथक एवढंच अंतर आहे, आणि शेकडो जीव त्या अंतरावर अवलंबून असतात.

मुद्देमाल

गाडी अडवली म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम संथ, कंटाळवाणं आणि फार महत्त्वाचं असतं. ते जवळून पाहू.

रस्त्याकडेला गाडी उभी आहे. पोलीस दोन पंच बोलावतात. पंच म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली दोन माणसं, ज्यांच्यासमोर झडती होते. बाँबशोधक पथक आधी मालाला हात लावतं. मग एकेक वस्तू बाहेर निघते. रायफलीवर काही क्रमांक कोरलेला असेल तर तो जसाच्या तसा लिहायचा, खोडला असेल तर खोडल्याची नोंद करायची. काडतुसं मोजायची. स्फोटकाचं वजन करायचं, त्यातला नमुना वेगळा काढायचा. प्रत्येक पुडक्याला दोरा, लाखेचं सील, आणि पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्यांची चिठ्ठी. पंचनाम्यावर वेळ, ठिकाण, चतुःसीमा. मग हा मुद्देमाल ठाण्यात जातो. मुद्देमाल कारकून त्याला रजिस्टरमध्ये क्रमांक देतो. नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथे पोचल्यावर सील शाबूत होतं का, याची पुन्हा नोंद होते.

यातली एक कडी निसटली तर दहा वर्षांनी बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. पंचनाम्यात वेळ चुकली, चिठ्ठीवर एका पंचाची सही नाही, माल चार दिवस कुठे होता याची नोंद नाही. पंच तोवर गाव सोडून गेलेला असतो किंवा फितूर होतो. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि मिळायलाच हवा, कारण तोच नियम निरपराध माणसाला वाचवतो. म्हणून दहशतवादाविरुद्धच्या लढाईत बंदुकीइतकीच ताकद नीट लिहिलेल्या पंचनाम्यात असते. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी लाठीच्या बळावर, अंगावर गोळ्या झेलून हल्लेखोर कसाबला जिवंत पकडू दिलं. त्या एका जिवंत आरोपीमुळे २६/११ चा कट कुठे शिजला हे खुल्या न्यायालयात सिद्ध करता आलं. कसाबला वकील मिळाला, अपील मिळालं, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्या पायऱ्या चढूनच शिक्षेची अंमलबजावणी झाली. ते शौर्य पुराव्यात उतरलं, म्हणून ते जगापुढे उभं राहिलं.

दहा वर्षांचा खटला

वेरूळच्या खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षं लागली. मोक्काच्या वैधतेलाच आव्हान दिलं गेल्यामुळे कामकाज बराच काळ थांबलं. आरोप निश्चित झाले ते २०१३ मध्ये. २८ जुलै २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं आणि बाकीच्या आरोपींना निर्दोष सोडलं. अबू जुंदालसह सात जणांना जन्मठेप झाली. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींचा सूड म्हणून तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी आणि विश्व हिंदू परिषदेचे नेते प्रवीण तोगडिया यांना मारण्याचा कट होता, हे अभियोग पक्षाचं म्हणणं न्यायालयाने ग्राह्य धरलं. मोक्काखालचे आरोप मात्र टिकले नाहीत. शिक्षा झाली ती यूएपीए, शस्त्रास्त्र आणि स्फोटकांच्या कायद्यांखाली.

हा निकाल तरी लागला. त्या काळातल्या इतर प्रकरणांचं पाहा. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांसाठी आधी नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं. ती माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. पुढे एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले, आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्या नऊ जणांना आरोपमुक्त केलं. त्यातला एक तोवर हयातही नव्हता. लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटात सहा जण मेले होते. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले. नांदेडच्या प्रकरणातले हयात आरोपी जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष ठरले.

या निकालांकडे आपापल्या धर्माचे आरोपी कोणते, हे पाहून आनंद किंवा दुःख करणं सोपं आहे. मारल्या गेलेल्या माणसांच्या घरून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. मालेगावच्या भिक्कू चौकातल्या घराला, विरार लोकलमध्ये गेलेल्या कारकुनाच्या बायकोला अजून कोणीच सांगितलेलं नाही की हे नेमकं कोणी केलं. चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा दोन अन्याय एकदम होतात. निरपराधाचं आयुष्य जातं, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहून पुढच्या कामाला लागतो. तिसरा परिणाम आणखी वाईट. कट्टरपंथी भरती करणाऱ्याच्या हातात आयती गोष्ट पडते, की बघा, इथे आपल्याला न्याय नाही. संयुक्त राष्ट्रांचा चौथा खांब कुठल्या उदार मनाच्या चैनीसाठी ठेवलेला नाही. तो ढासळला की पहिलाही खचतो.

गेवराईचा मुलगा

आता सगळ्यात कठीण प्रश्न. गेवराई हे काही जगापासून तुटलेलं गाव नाही. राष्ट्रीय महामार्गावरचं तालुक्याचं ठिकाण, आजूबाजूला कापूस, ऊसतोडीला जाणारी माणसं. अशा गावातला मुलगा त्या वाटेला जातो, तेव्हा त्याला धर्मग्रंथाने तिथे नेलेलं नसतं. आधी एखादा अन्याय दाखवला जातो, खरा किंवा रंगवलेला. २००२ च्या दंगलीची चित्रं तशी दाखवली गेली. मग सांगितलं जातं, तुझे आईवडील, तुझा मौलवी, तुझे शेजारी सगळे भित्रे आहेत. मग एक छोटं काम, मग थोडं मोठं. प्रत्येक पायरीवर जुनी माणसं तुटतात आणि नवी टोळीच घर होऊन बसते.

ही पद्धत एका धर्माची मक्तेदारी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाबद्दल १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. ते दोघेही वेरूळच्याच संभाजीनगर जिल्ह्यातले तरुण होते. यूएपीएखालचा आरोप तिथे सिद्ध झाला नाही, पण गोळ्या कोणी झाडल्या हे न्यायालयाने निश्चित केलं. एका म्हाताऱ्या, निःशस्त्र विवेकवादी डॉक्टरला सकाळच्या फेरफटक्यात मारणं हे धर्मकार्य आहे, असं या पोरांना कोणीतरी पटवलं होतं. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न एकच आहे. आपली विशी-पंचविशीतली मुलं परक्या माणसाच्या रागाला बळी का पडतात आणि ते आपल्याला वेळेत का कळत नाही?

यावर काम झालेलं आहे आणि ते आपल्याच राज्यात झालेलं आहे. भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये दंगलीत होरपळली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीतले हिंदू आणि मुसलमान, पुढाऱ्यांपेक्षा साधी कामकरी माणसं जास्त, आणि त्यांच्याबरोबर बसणारा साधा पोलीस. बैठकीत नळाचं भांडण, गटार, पोराचं व्यसन, मिरवणुकीचा मार्ग असले विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्यासारख्या आजी-माजी पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्यांचं काम सुरू केलं.

आयसिसच्या काळात ही गरज नव्या रूपात आली. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले. २०१६ मध्ये परभणीत आयसिसशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून अटका झाल्या. भरती आता मोबाईलवर, बंद खोलीत होत होती. महाराष्ट्र एटीएसने त्या वर्षांत एक वेगळी वाट धरली. जो मुलगा नुसता वाहवत चालला आहे, ज्याने गुन्हा केलेला नाही, त्याला लगेच आरोपी न करता त्याच्या आईवडिलांना बोलवायचं, मौलवींना आणि समुपदेशकाला सोबत घ्यायचं, त्याच्याशी महिनोन्‌महिने बोलत राहायचं. पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीला अशाच पद्धतीने परत आणलं गेलं. डेन्मार्कच्या ऑरहूस शहरातल्या पोलिसांनी सीरियाहून परतलेल्या तरुणांना मार्गदर्शक, शिक्षण आणि नोकरी देऊन असाच प्रयोग केला. याउलट ब्रिटनमध्ये शाळा आणि रुग्णालयांवर, माणसं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याची काळजी घेण्याचं कायदेशीर बंधन घातलं, तेव्हा मुस्लिम कुटुंबं शाळेशी मोकळं बोलायला बिचकू लागली, अशी टीका झाली. धडा साधा आहे. आईला ज्या दिवशी वाटेल की पोलिसांकडे गेलं तर पोरगा वाचेल, त्या दिवशी ती पहिली खबर देईल. तिला वाटलं की पोरगा आत जाईल, तर ती तोंड शिवून बसेल.

खुलताबाद ते वेरूळ

वेरूळच्या ३४ लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन आहेत. गावात घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग आहे आणि मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. चार-पाच किलोमीटर वर खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे आहेत, औरंगजेबाची कबरही आहे. मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून वातावरण तापलं, १७ मार्चला नागपुरात अफवेतून हिंसाचार झाला आणि खुलताबादला बंदोबस्त वाढवावा लागला. कबर इथली, अफवा नागपूरची.

अशा वेळी मोठ्या यंत्रणांच्या आधी इथल्या लहान माणसांची गरज लागते. महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने, जो यूएपीएच्याच वर्षी, १९६७ मध्ये झाला, गावच्या पोलीस पाटलाला गावातल्या घडामोडींची माहिती देण्याचं काम दिलं आहे. महाशिवरात्र आणि उरुसाआधी शांतता समितीची बैठक होते. बीट अंमलदाराला आपल्या भागातली पोरं तोंडओळखीने माहीत असतात, निदान असायला हवीत. ही पदं रिकामी राहिली, बैठका फक्त सह्यांपुरत्या झाल्या, तर दिल्लीतल्या केंद्राच्या टेबलावर यायला खबरच उरत नाही.

राष्ट्रीय धोरणाचं मोजमाप म्हणून किती जणांना अटक झाली हा आकडा दरवर्षी सांगितला जातो. त्याच्या शेजारी आणखी चार आकडे जाहीर व्हावेत, असा आपण आग्रह धरायला हवा. दहशतवादाचे किती खटले पाच वर्षांच्या आत निकाली निघाले? किती आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यांना काय भरपाई मिळाली? न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढले तेव्हा किती अधिकाऱ्यांना जबाब द्यावा लागला? आणि किती मुलं गुन्हा करण्याआधी घरी परतली? या आकड्यांना धर्म नाही. ते सुधारले तर मालेगाव, मुंबई, नांदेड, पुणे सगळ्यांचंच भलं आहे. सुमो अडवणारे पोलीस आपल्याकडे आहेत, ते त्यांनी सिद्ध केलं आहे. इंडिका चालवायला नवा मुलगा मिळू न देणं हे काम पोलिसांच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी शाळा, मशीद, मंदिर, न्यायालय आणि शेजार या सगळ्यांना एका बाजूला उभं राहावं लागेल, आणि धोरणाने त्यांना तसं उभं राहणं सोपं करून द्यायला हवं.